खुराखाली मऊ भुसा

आधी १९१९ मध्ये उतरा. इजिप्तमधली लष्करी छावणी आहे. समोर घोड्यांच्या रांगाच रांगा, अगाडी-पिछाडी बांधलेल्या. माश्या हाकलायला शेपट्या हलताहेत. तोबऱ्यात खुपसलेल्या तोंडांचा चंदी चावण्याचा आवाज सगळ्या पागेवर पसरलाय. पहिलं महायुद्ध संपलंय. शिपाई जहाजांच्या तारखा विचारत फिरताहेत, घरी पत्रं लिहिताहेत. घोड्यांचं काय करायचं ते अजून त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

या जनावरांनी काय सोसलंय ते नुसतं बघून कळणार नाही. ३१ ऑक्टोबर १९१७ च्या संध्याकाळी पॅलेस्टाइनमधल्या बीरशेबा गावाच्या विहिरी ताब्यात घ्यायच्या होत्या. उजेड संपायच्या आत ऑस्ट्रेलियन स्वारांनी तुर्की खंदकांवर सरळ घोडे घातले. त्यांतल्या कित्येक घोड्यांच्या पोटात दिवस उलटून गेला तरी पाण्याचा थेंब गेला नव्हता. पुढच्या वर्षी २३ सप्टेंबरला जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या भालाइतांनी हैफा घेतलं. १८१७ साली उभा राहिलेला, पुण्याचं नाव मिरवणारा 'पूना हॉर्स' हा रिसालाही फ्रान्समधून हलवून याच आघाडीवर आणला होता. स्वार, शस्त्रं, पाणी, दाणा असं सगळं धरून एकेका घोड्याच्या पाठीवर सव्वाशे किलोच्या घरात ओझं. खाली सिनाईची वाळू, वर ऊन. रात्री स्वार आणि घोडा एकमेकांना टेकून झोपलेले.

आता एक अधिकारी वही घेऊन रांगेतून फिरतोय. हा म्हातारा, हा लंगडा, यांना गोळी. हा धडधाकट, दुसऱ्या तुकडीकडे पाठवा. उरलेले विकून टाका. जहाजं कमी, खर्च अवाढव्य, शिवाय मायदेशी रोग येऊ नयेत म्हणून विलगीकरणाचे कडक नियम. ऑस्ट्रेलियातून या युद्धासाठी सव्वा लाखाच्या आसपास घोडे बाहेर गेले आणि परत गेला तो एक, 'सँडी' नावाचा, गॅलिपोलीला मारल्या गेलेल्या जनरल ब्रिजेस यांचा. वहीतला हिशेब चोख आहे, आणि तरी तो वाचताना पोटात कालवतं. या भागात हजारो घोडे बाजारात गेले. टांगेवाल्यांनी घेतले, खाणमालकांनी घेतले, शेतकऱ्यांनी घेतले. रांगा रिकाम्या झाल्या.

अकरा वर्षं पुढे या. १९३०. कैरो.

रस्त्याच्या कडेला जरा मागे सरकून उभे राहा, नाहीतर धक्का लागेल. मोटारी आल्या आहेत, ट्राम आहे, पण शहराचं ओझं अजून जनावरांच्याच पाठीवर आहे. विटा, दगड, भाजी, लाकूड, माणसं. गाढवं, खेचरं आणि हाडकुळे, बुटके घोडे. त्या गर्दीत मधूनच एखादं डोकं इतरांच्या वर दिसतं. रुंद छाती, लांब हाडं, गाडीच्या दांड्यांमध्ये मावत नाही असा बांधा. त्याच्यावर नजर ठेवा. इथल्या जातीचा नाही तो. मांसाच्या जागी आता खड्डे पडलेत, कमरेची हाडं कातड्याला आतून टोचताहेत, पण सांगाडा लपत नाही.

तुमच्या शेजारी एक इंग्रज बाई येऊन थांबल्यात. पन्नाशीकडे झुकलेल्या. त्यांचीही नजर त्याच घोड्यावर आहे. या डोरोथी ब्रुक. यजमान जिओफ्री ब्रुक ब्रिटिश घोडदळाच्या ब्रिगेडचे प्रमुख म्हणून नुकतेच इजिप्तमध्ये रुजू झालेत, घोडेस्वारीवर पुस्तकं लिहिलेला माणूस. डोरोथीबाईंचंही सगळं आयुष्य घोड्यांत गेलेलं. मोठ्या अधिकाऱ्याची बायको म्हणून इथे त्यांच्या वाट्याला बंगला, नोकरचाकर, पोलोचे सामने आणि चहापानाची बोलावणी आली आहेत. त्या मात्र येण्याआधीपासून एकच प्रश्न मनात घेऊन बसल्यात: ते विकलेले घोडे गेले कुठे?

विचारलं की लोक सांगायचे, आता कुठले राहिलेत, सगळे केव्हाच मेले असतील. एवढी वर्षं झाली. बाईंना ते पटलेलं नाही. त्यांच्याबरोबर चाला.

प्राणिदया संस्थेच्या तबेल्यात तुम्ही त्यांच्यामागोमाग शिरता. आत अंधार, औषधाचा उग्र वास. एका कोपऱ्यात एक घोडा उभा आहे, म्हणजे पायांवर आहे एवढंच. मान खाली. पाठीच्या वरच्या टोकाला, जिथे मान संपून खोगिराची जागा सुरू होते, तिथे सडलेली जखम. गुडघे सुजलेले. पुढचा एक पाय तो जमिनीवर नीट टेकत नाही. बाई जवळ जातात आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटतात, घोड्याशी बोलतात तसं, अर्थाविना. त्याचा कान हलतो.

आता त्यांच्या खांद्यावरून वाकून बघा, कारण घोड्याचं वय असं बघतात. वरचा ओठ अंगठ्यानं उचलायचा. पुढच्या दातांपैकी अगदी कडेचा दात शोधायचा. दहाव्या वर्षाच्या सुमारास या दातावर हिरडीपाशी एक तपकिरी रेघ उगवते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत पोचते, विसाव्या वर्षी टोकापर्यंत, आणि त्यानंतर वरून, हिरडीकडून, पुसत जाते. या घोड्याच्या दातावरची रेघ वरच्या बाजूनं पुसायला लागली आहे. म्हणजे विशीच्या पुढचा. पुढचे दात लांब, तिरपे, घासून गेलेले. या दातांनी त्याला वैरण नीट चावता येत नसणार. मांडीवर केसांखाली बोट फिरवलं की डागणीचा वण लागतो. ब्रिटिश लष्कराच्या मालाची बाणाची खूण.

मग शंका उरत नाही. हा फौजेतलाच. बाई त्याला विकत घेतात. त्याचं नाव ठेवतात 'ओल्ड बिल'. म्हातारा बिल त्यांच्याकडे थोडेच दिवस राहिला. त्याला बरं करण्याजोगं काही उरलं नव्हतं. पण एक उरलाय म्हणजे आणखीही आहेत, हे त्याच्यामुळे बाईंना कळलं, आणि त्या शोधाला लागल्या.

पुढचे महिने फार बोलण्यासारखे नाहीत. गल्लीबोळ, खाणी, गाडीतळ, नकार. सरकार, लष्कर, ओळखीपाळखीचे लोक, सगळ्यांचं एकच म्हणणं: वाईट झालं खरं, पण आता काय करणार.

१९३१ चा एप्रिल. बाई टेबलाशी बसून 'मॉर्निंग पोस्ट' या लंडनच्या दैनिकाला पत्र लिहिताहेत. मागे उभे राहून वाचायला हरकत नाही, ते साऱ्या जगानं वाचावं म्हणूनच लिहिलंय. त्यात रडगाणं नाही. युद्धानंतर विकलेले लष्कराचे घोडे अजून इथे आहेत, सगळे विशीच्या पुढचे आहेत, त्यांचे हाल चाललेत, आणि ज्यांनी या घोड्यांसोबत लढाई केली त्यांनी मदत करावी, असं साधं, सरळ मागणं. घोडदळाच्या प्रमुखाची बायको आपल्याच सरकारनं केलेला विक्रीचा व्यवहार चारचौघांत उघडा करतेय, हे विसरू नका. त्या काळी, त्या वर्तुळात, ही लहान गोष्ट नव्हती. मला त्यांच्या धाडसातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच.

आता क्षणभर इंग्लंडला जाऊन या. न्याहारीच्या टेबलावर वर्तमानपत्र उघडलंय. वाचणारा माणूस कधीकाळी पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर होता. तो पत्र दोनदा वाचतो आणि पेपर घडी न करताच ठेवतो. त्यानं आपला घोडा त्या रांगेत सोडला होता, मानेवर हात ठेवला होता, आणि आगगाडीत बसला होता. कुठल्या हाती गेला असेल हा विचार त्यानं बारा वर्षं दूर ठेवलाय. आज तो पाकीट शोधतोय. अशी पाकिटं कैरोला येऊ लागली. मोठ्या रकमांची, आणि ज्यांना परवडणारं नव्हतं अशांनी पाठवलेली छोट्या रकमांचीही.

परत कैरोत. खरेदीचा दिवस आहे. सय्यदा झैनब या जुन्या, दाटीच्या वस्तीजवळच्या तबेल्याच्या अंगणात सकाळपासून घोडे येताहेत. टाचा घासत येतात, ठेचकाळत येतात. एक जण आंधळा आहे. मालकाचा हात आयाळीत आहे तोवर चालतो, हात निघाला की जागच्या जागी थरथरत थांबतो. एकाच्या खांद्यावर जुवाच्या पट्ट्यानं मूठभर मांस खाल्लंय आणि त्या जखमेवर कळकट चिंधी बांधली आहे. एकाचे खूर इतके वाढलेत की टाप पुढून वर वळली आहे. नाकावर रुमाल धरावासा वाटेल. धरू नका, बाईंनी धरलेला नाही.

टेबलाशी खरेदीचं मंडळ बसलंय. प्रत्येक घोड्याचं तोंड उघडून बघतात, डागणी शोधतात. लष्करातला आहे असं ठरलं की भाव सुरू होतो. आणि इथे तुमची नजर घोड्यावरून मालकाकडे वळायला हवी, कारण बाईंची वळली होती.

तो बघा. पायांत वहाणा नाहीत. गलाबिया ठिगळाची. जागतिक मंदीनं इजिप्तच्या कापसाचा भाव पाडलाय, शहरात हातांना काम नाही, आणि या माणसाचं घर या एका म्हाताऱ्या घोड्यावर चालतंय. घोडा उपाशी आहे कारण तोही अर्धपोटी आहे. तो किंमत वाढवून मागतो, हात जोडतो, शपथा घालतो, मुलांची संख्या सांगतो. मिळणाऱ्या पैशांतून दुसरं, जरा तरणं जनावर आलं नाही तर उद्यापासून चूल पेटायची नाही, हे तो सांगतो तेव्हा खोटं बोलत नाहीये. पैसे मोजून घेतल्यावर तो घोड्याकडे वळतो. त्याच्या कपाळावर तळवा ठेवतो. मग एकदम पाठ फिरवून निघून जातो.

याच अंगणात निर्दयीही होते. मारून मारून काम घेणारे, जखमेवर काठी टोचणारे. बाईंना त्यांचा संताप यायचाच. पण बहुतेक मालक दुष्ट नव्हते, नाडलेले होते, हे त्यांनी फार लवकर ओळखलं आणि ते न विसरता काम केलं. परदेशातून आलेल्या, सत्ताधारी जमातीतल्या, हाती पैसा असलेल्या माणसाला गरिबाच्या दाराशी उभं राहून त्याला क्रूर ठरवणं किती सोपं असतं! हा घोडा इथवर आला तो १९१९ च्या वहीतून आला, या अनवाणी माणसामुळे नाही. हे ज्या बाईला दिसलं तिच्याविषयी मला घोड्यांवर प्रेम करणाऱ्या इतर शंभर जणांपेक्षा जास्त आदर वाटतो.

संध्याकाळ झाली. अंगण रिकामं झालंय. आज घेतलेले घोडे आत न्यायचे आहेत. एकाचा कासरा तुमच्या हातात देतो, चालवा त्याला. घाई करू नका, त्याचा डावा मागचा पाय उशिरा येतो. दाराशी तो थांबेल. थांबू दे. आत उंच छताचं ठाण आहे आणि जमिनीवर, गुडघ्याला लागेल एवढा, गव्हाचा मऊ भुसा अंथरलाय. त्याचा पहिला खूर त्यात बुडतो आणि घोडा तो खूर मागे घेतो. इतकी वर्षं दगड, फरशी आणि आपल्याच लिदीचा चिखल. परत टेकवतो. नाक खाली घालून फुंकर मारतो, भुसा उडतो. मग सगळा आत येतो.

गव्हाणीत बरसीम घास आहे, ओला, हिरवागार. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही ओळखीचा. भारतात तो आला इजिप्तमधूनच. दात नसलेल्यांसाठी कोंड्याची कोमट आंबोण. बादलीत स्वच्छ पाणी, आणि ती पुन्हा भरून द्यायला मोतद्दार शेजारीच उभा आहे. खरारा हळू चालतो, जखमा टाळत. काही घोडे लगेच खातात. काही खातच नाहीत, भिंतीला तोंड लावून उभे राहतात. आणि काही, तासाभरानं, पुढचे गुडघे मोडतात, कण्हतात, आणि आडवे होतात. घोडा उभ्यानं झोपू शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि आडवं होणं त्याला सुरक्षित वाटावं लागतं. यांच्यातले काही किती काळानं असे झोपले असतील!

बाई प्रत्येक ठाणापाशी थांबतात. इंग्रजीत बोलतात. लष्करात शिकलेले शब्द एखाद्याच्या कानात अजून शिल्लक असतात. मान वर येते, कान पुढे होतात.

आता कठीण भाग. यातल्या बहुतेकांना मारलं गेलं. थोडे दिवस अन्न, विसावा, मऊ अंथरूण, आणि मग शक्य तितकं वेदनारहित मरण. तीन वर्षांत सुमारे पाच हजार घोडे या वाटेनं गेले. तुम्हाला प्रश्न पडेल, आपल्यासारख्यांना, ज्यांच्याकडे पांजरपोळांची परंपरा आहे, तो पडायलाच हवा: जगवायचं नव्हतं तर विकत कशाला घेतले? मी या प्रश्नाशी बराच काळ झगडलो आहे. शेवटी मला बाईंची बाजू घ्यावी लागते. फुटलेले सांधे, कुजलेला खांदा, गेलेले डोळे आणि चावता न येणारं तोंड घेऊन विशीच्या पुढचा घोडा 'जगवणं' म्हणजे बघणाऱ्याच्या समाधानासाठी त्याचे हाल लांबवणं झालं असतं. न घेता सोडणं म्हणजे दुसऱ्या दिवशी परत दगडाच्या गाडीला. बाईंनी तिसरा रस्ता घेतला आणि त्याची किंमत स्वतः दिली. ज्याच्या गळ्यात हात टाकून काल बोललो त्याच्याबद्दल आज निर्णय द्यायचा, आणि उद्या नवीन रांग उभी राहिली की पुन्हा तेच. पैसे पाठवणाऱ्यांपासून हे लपवून ठेवणं सोपं होतं. त्यांनी लपवलं नाही. रोजनिशीत त्या या घोड्यांविषयी लिहीत राहिल्या. बाई गेल्यावर त्यातून पुस्तक निघालं, १९६० मध्ये.

१९३४. युद्धातले घोडे आता फार सापडत नाहीत. ज्या कामासाठी पत्र लिहिलं होतं ते संपत आलंय, आणि अशा वेळी माणसं हिशेब मिटवून मायदेशी परततात. पण या तबेल्याच्या दाराशी आता गाडीवाले आपणहून येतात. 'बाई, हा फौजेतला नाही, इथलाच आहे, पण लंगडतो.' त्यांना काय उत्तर द्यायचं? युद्धाची खूण मांडीवर नसलेल्या घोड्याचा पाय कमी दुखतो का? त्या वर्षी 'ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल' उभं राहिलं. कष्टकऱ्यांच्या घोड्यांना, खेचरांना, गाढवांना उपचार फुकट. इस्पितळाच्या रस्त्याला लोक इंग्रज बाईंचा रस्ता म्हणू लागले.

तिथलं काम आतून बघा. भव्य असं काही नाही. नालबंद खुराला चिमटा लावून जुना, वाकडा नाल काढतोय. खूर तासून सपाट केला, मध्ये अडकलेला खडा काढला, तेवढ्यानं लंगडणं निम्मं कमी झालं. पट्ट्याची जखम धुतली, औषध लावलं, आणि मालकाला दाखवलं की जखम झाली ती या गाठीमुळे. ही गाठ काढून गोणपाटाची घडी इथे शिवायची. लगामाची कडी गंजून खरखरीत झाली आहे, म्हणून तोंडाचे कोपरे फाटलेत. दुपारी बारा ते तीन सावलीत सोडायचं. कामाच्या मध्ये पाणी पाजायचं, शेवटी नव्हे. जनावराचे निम्मे हाल अशा गोष्टींतून येतात ज्यांना पैसे लागत नाहीत, आणि उरलेले निम्मे मालकाच्या दारिद्र्यातून. पहिल्यावर इलाज शिकवता येतो. दुसऱ्यात आणखी भर पडू नये म्हणून उपचाराचं मोल घ्यायचं नाही. मुंबईकराला हे ऐकताना परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं इस्पितळ आठवेल. तिथेही शहराची ओझी ओढणारे बैल-घोडे अशाच दुखण्यांनी येत.

१९५५ च्या जूनमध्ये डोरोथीबाई कैरोतच वारल्या. त्यांच्या नावाची संस्था, 'ब्रुक', पुढे इतर देशांत पसरली, भारतातही आली. आपल्याकडे तिचं काम बरंचसं वीटभट्ट्यांवरच्या घोड्या-खेचरांमध्ये चालतं, जिथे मालक आणि जनावर एकाच झोपडीच्या आडोशाला राहतात आणि पावसाळ्यात दोघांचंही काम बंद असतं. तिथे गेलात तर ओठ उचलून कडेच्या दातावरची ती रेघ कशी वाचायची ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याआधी मालकाला विचारून घ्या, आणि त्याच्याशी दोन शब्द बोला. घोडा किती चालतो, दिवसाला काय खातो, नाल कधी बदलला, हे सगळं तोच सांगेल.